लेन्सला न दिसणारा कापूस

कापसाच्या त्या वाईट वर्षांत मी बातमीसाठी दारव्ह्याच्या कापूस खरेदी केंद्रावर गेलो होतो. तिथल्या फोटोग्राफरच्या रोलच्या कॅमेऱ्याला आपोआप फोकस करणारी नवी झूम लेन्स होती. कापसाच्या गंजीवर रोखली की ती घुर्रघुर्र करत नुसती पुढेमागे फिरायची. बैलाला चुचकारावं तसं तो तिला चुचकारायचा.

"बिघडली का?" मी विचारलं.

"नाही जी. नुसता पांढरा कापूस इले दिसतच नाही. माणूस उभा करा लागते."

त्याने एका बैलबंडीवाल्या काकांना गंजीपुढे बोलावलं. काकांनी टोपी नीट केली. लेन्स चटकन थांबली.

माझ्या वहीत चार पानं नुसता कापूसच होता. मी काकांचं नाव विचारून लिहून घेतलं.

फोटोग्राफरचं विचारायचं मात्र राहूनच गेलं.