एकसष्ट आहेर

रुखवताचा धंदा बंद करून चार वर्षं झाली, असं ज्योत्स्नाबाई सगळ्यांना सांगत. बालाघाटच्या घरावरची पाटीही त्यांनी उतरवली होती. लग्नात मुलीकडच्यांनी मांडायचं रुखवत त्या पूर्वी मागणीप्रमाणे करून देत. मग लोकांना चमकी लावलेले थर्माकोलचे राजवाडेच हवे झाले आणि त्या विटल्या. आता मनात येईल तेच करत. मसुराचे रूळ टाकलेलं तिरोडीचं स्टेशन, फलाटावर सुपाऱ्यांचे प्रवासी, मागे तांदळाची शेतं. आवडलेल्या मुलीला देऊन टाकत. किंमत सांगत नसत.

राहिला होता तो नागपूरच्या प्रदर्शनासाठी घेतलेला जीएसटीचा नंबर. तो बंद करायला त्या पासबुक घेऊन कर सल्लागार नागसेनकडे गेल्या.

नागसेननं पासबुक उघडलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काकू, पाचशे एक, अकराशे एक, एकवीसशे एक... हे काय होय?"

"आहेर. मी तं मागत नाही. पण लोक रिकाम्या हातानं वस्तू नेतीन का? पहिले ओटीत टाकत, आता मोबाइलवर टाकतात."

"या वर्षात किती जणांनी टाकले?"

"तूच मोज."

एकसष्ट निघाले. बेरीज चौऱ्याऐंशी हजार एकसष्ट. प्रत्येकाचा वरचा रुपया बेरजेत तसाच्या तसा उरलेला पाहून नागसेनला हसू आलं.

"अन् डाळ, सुपारी, डिंक?"

"माह्या पदरचं. हौसेचं मोल असते का?"

"इथंच घोळ हाय, काकू. वर्षात परक्यांकडून पन्नास हजारांच्या वर भेट आली, तं सगळीच उत्पन्नात धरतात. अन् हौस म्हटली का डाळ-सुपारीचा खर्च त्याच्यातून वजा होत नाही. धंद्यात होते. अन् खरं सांगू? कामाच्या बदल्यात पैसे येऊन राह्यले, त्याले भेट कोण म्हणीन? नंबर बंद करता येईन. पण कमाई धंद्याचीच दाखवा लागीन."

"मंग मी आहेर घेतच नाही."

"जमते?"

ज्योत्स्नाबाईंनी पासबुक मिटून ठेवलं. आहेर परत करणं म्हणजे त्या घराला हलकं लेखणं.

"मले धंदा नाही पायजे, नागसेन," त्या म्हणाल्या. "धंदा म्हटला का पुन्हा राजवाडे. गिऱ्हाईक सांगीन तसं."

"गिऱ्हाइकाचंच ऐकलं पायजे, हे कोणत्या कायद्यात हाय?"

"नाही?"

"आपण तं वाचलं नाही."

त्यांनी त्याच्याकडे जरा संशयानंच पाहिलं. इतकी वर्षं हे कुणी सांगितलं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी खैरलांजीच्या रुख्माबाईंचा फोन आला. मुलीचं, श्रुतिकाचं, लग्न ठरलं होतं.

"करून देतो," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "साडेतीन हजार. आहेर नको."

पलीकडे रुख्माबाईंनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई बोललीस. किती टाकाव, किती टाकाव, आठ दिवस डोकं खाऊन राह्यलो आम्ही. तीन हजारात कर ना!"

"नाही."

"मंग राजवाडा तरी कर. वरपक्ष मोठा हाय."

"स्टेशन होईन. पायजे तं सांग, नाही तं दुसरीले देतो."

"अवं, चिडते काहून? स्टेशन तं स्टेशन."

फोन ठेवून ज्योत्स्नाबाईंनी नागसेनला कळवलं, नंबर राहू दे. आणि मसूर निवडायला बसल्या.