बिनवासाचं कापड

माझी पहिली नोकरी नाकाची होती. आई पाहुण्यांना "तपासणी खात्यात आहे" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. खरी गोष्ट अशी की हैदराबादच्या कोठी भागात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कापड तपासणारी प्रयोगशाळा होती आणि तिथे मला वास घेण्याचा पगार मिळायचा.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. देशाची दारं उघडली होती, आणि बाहेरून येणाऱ्या नव्या वस्तूंबरोबर एक नवी चौकशीही आत आली होती: हे कापड अंगाला, पाण्याला, मातीला अपाय तर करत नाही ना? जर्मनीतला दुकानदार आता जीनचं कापड घेण्याआधी तसं प्रमाणपत्र मागू लागला होता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी तिथे लागले तेव्हा वाटलं, परीक्षानळ्या हलवायच्या असतील. पहिल्याच दिवशी आमच्या प्रमुख मॅडमनी मला घाम बनवायला सांगितला. मीठ आणि दोनचार क्षार पाण्यात विरघळवून खोटा घाम करायचा, त्यात कापड भिजवायचं आणि रंग किती सुटतो ते पाहायचं. तान्ह्या बाळानं कापड चोखलं तर काय, यासाठी खोटी लाळसुद्धा होती. मे महिन्यात घामाघूम होऊन मी बाटलीत घाम तयार करत होते आणि मला त्याची भयंकर गंमत वाटत होती. बटणात कुठला धातू आहे, रंगातलं काय कातडीत शिरतं, असे प्रश्न अंगातल्या कपड्यांना विचारता येतात हेच मला ठाऊक नव्हतं.

सगळ्यांत नवल वासाच्या चाचणीचं. तिला यंत्रच नव्हतं. कापडाचा तुकडा काचेच्या झाकणबंद भांड्यात ठेवून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा जणांनी एकेक करून हुंगायचा. बोलायचं नाही, हसायचं नाही, नुसता आकडा लिहायचा. एक म्हणजे वास नाही, दोन म्हणजे जेमतेम जाणवतो, तीन म्हणजे चालेल, त्याच्या वर नापास. भांड्यावर फक्त क्रमांक असे. कापड कुणाचं ते हुंगणाऱ्याला कळता कामा नये, आणि ओळखलंच तर त्यानं बाजूला व्हायचं. त्या दिवशी कांदा नाही, केसांना तेल नाही, गजरा नाही. मी घराबाहेर पडेपर्यंत आई फोडणी थांबवायची. "एवढ्या नाकानं काय दिवे लावणार आहेस," म्हणायची, पण थांबवायची.

कुठले वास वाईट ते आम्हाला शिकवलं होतं: बुरशी, रॉकेल, मासळी. आणि त्यांच्याच रांगेत सुगंध. हे मी रात्री जेवताना सांगितलं तेव्हा अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, घास हातातच राहिला. अप्पा जुन्या हैदराबादचे, उर्दूत शिकलेले, सरकारी दफ्तरातून निवृत्त झालेले. उजव्या कानाच्या वळणात त्यांचा अत्तराचा फाया रोजचा. खस आणि हिना ते स्वतः मिसळायचे आणि प्रमाण कुणालाही सांगायचे नाहीत. घरी आलेला माणूस अत्तर-पान झाल्याशिवाय उठू शकत नसे.

"बाई, सुगंध ही खोट कशी असेल? तू चुकीचं ऐकलं असशील," ते म्हणाले. मी समजावलं की कापडाला काहीच वास नको असतो, कारण चांगला वास मागचा वाईट वास झाकतो. "काहीच वास नाही असं जगात काही नसतं," म्हणून त्यांनी ताक मागितलं.

मला तो प्रश्न फार आवडला. पुढचे काही दिवस मी घरभर हुंगत फिरले. स्टीलचं ताट, माठातलं पाणी, कोरा कागद. प्रत्येकाला काही ना काही होतंच. आई म्हणाली, पोरगी कामातून गेली.

निवृत्तीनंतर काही महिने अप्पा घरी बसले होते तेव्हा पार सुकून गेले होते. आईच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचे, मग त्या बदलायचे. ओळखीतल्या एका शेतकरी घरातल्या गृहस्थानं कुकटपल्लीत जीनचं कोरं कापड धुऊन मऊ करण्याचा कारखाना काढला आणि अप्पांना तिथलं गोदाम सांभाळायला दिलं. पगार नावापुरता होता. पण इस्त्रीचा सदरा घालून, अंबरपेठेहून दोन बसेस बदलून सकाळी कुठेतरी जायचं होतं, आणि त्यानं अप्पा पुन्हा पूर्वीसारखे बोलायला लागले. त्या कारखान्यालाही जर्मनीचं काम मिळणार होतं, प्रमाणपत्र आलं तर.

एका सकाळी मी एका भांड्याचं झाकण उचललं आणि चक्क वळून मागे पाहिलं. अप्पा आले असं वाटलं. जीनचा निळा तुकडा, आणि त्यातून खस, हिना, त्याच प्रमाणात.

माझ्या पुढे हुंगून गेलेली टायपिस्ट गालात हसत होती. बाकीचे काय लिहिणार हे उघड होतं. मी मॅडमना बाजूला नेऊन सांगितलं की या नमुन्यावर मला आकडा लिहिता येणार नाही, हा वास आमच्या घरचा आहे. त्यांनी त्या नमुन्याच्या कागदावरून माझं नाव खोडलं. मग म्हणाल्या, अहवाल नापासाचाच जाईल. मात्र वास धुलाईतला नाही, बांधाबांधीत लागला, असं कारखान्यानं स्वतः लिहून दिलं तर नवा नमुना घेऊ.

म्हणजे अप्पा गप्प राहिले तर मालकाचं काम हातचं जाणार आणि खापर धुलाईवर फुटणार. बोलले तर गोदाम जाणार. बसमध्ये मला त्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या दिसत होत्या.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. हो, नमुना बांधताना पिशवीच्या आतून फाया फिरवला होता, म्हणाले, नखाएवढा. मला विचारलं का नाही, तर म्हणे तू परीक्षक, तुझ्याशी त्याबद्दल बोलणं गैर झालं असतं. मला हसू येत होतं आणि रडूही.

"पण का, अप्पा? मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"माल परक्या घरी पहिल्यांदा चालला होता, बाई. तसाच कसा धाडायचा?"

आई म्हणाली, कोण बघायला आलंय, गप्प राहा.  अप्पांनी सकाळी सदरा घातला, फाया लावला आणि कारखान्यात गेले. मी दिवसभर घाम बनवत राहिले आणि दोनदा तो सांडला.

संध्याकाळी ते परत आले. मालकाला सगळं सांगितलं होतं. तो आधी संतापला, मग खुर्चीत बसून हसत सुटला. "पतलून का कपडा था साहब, तुम उसको दूल्हा बना दिए," म्हणाला. गोदाम राहिलं, पण एका अटीवर: "कल से इत्तर लगाके नक्को आना." अटीत वावगं काहीच नव्हतं, गोदामातलं कापड कुठलाही वास ओढून घेतं. अप्पांचा कान रिकामा होता. फाया बसमध्येच काढून टाकला होता.

दुसरा नमुना पास झाला. तेव्हा मला त्या खोलीत येऊ दिलं नव्हतं. पुढे प्रमाणपत्र आलं, मालकानं ते फ्रेम करून कचेरीत बालाजीच्या तसबिरीशेजारी लावलं आणि रोज दोघांनाही उदबत्ती ओवाळू लागला. हे सांगताना अप्पा ठसका लागेपर्यंत हसले. पण अत्तर त्यांनी रविवारीसुद्धा लावलं नाही. सदऱ्याला लागलं तर सोमवारी गोदामात जाईल, म्हणायचे.

फक्त मला एक गोष्ट ठाऊक होती, हे त्यांना कधी कळलं नाही. रोज पहाटे, आंघोळीच्या आधी, ते कपाट उघडायचे. बाटलीचं काचेचं बूच निघायचं, क्षणभरात परत बसायचं. मग ते दोनदा साबण लावून आंघोळ करायचे. त्या वेळी आईची फोडणी सुरू झालेली नसायची, त्यामुळे शेजारच्या खोलीत अंथरुणावर मला सगळं कळायचं. मी डोळे मिटूनच मनात आकडा लिहायचे. दोन. कधी तीन झाला नाही.

बऱ्याच वर्षांनी अप्पा गेले. तोवर माझी ती नोकरी सुटली होती, लग्न झालं होतं. दिवसकार्य होईपर्यंत मी अंबरपेठेला त्याच खोलीत झोपत होते. पहिल्याच पहाटे सवयीनं जाग आली आणि मी डोळे मिटून वाट पाहत पडून राहिले. बूच निघालं नाही, वास आला नाही. आकडा कुठला ते मला ठाऊक होतं. मी तो लिहिला नाही.