घेतला बॅकअप

कॉम्प्युटर 'आपोआप' बिघडला असं सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. जळगावात वीस वर्षं रिपेअरिंगचं दुकान चालवतोय. आपोआप काही होत नसतं. कोणीतरी कुठलं तरी बटण दाबलेलं असतं आणि मग माझ्यासमोर येऊन भोळा चेहरा केलेला असतो. तेव्हा पुढचं वाचून 'क्लाउडवर असेल', 'सिंक झालं असेल' असलं ज्ञान कृपया मला पाजू नका. ते सगळं मी तपासलंय... माझा धंदाच तो आहे.

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. आम्ही मूळचे शिंदखेड्याकडचे. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, सगळे भाऊबंद जमतात, आणि आई एक गाणं म्हणायची. त्यात घराण्यातल्या एकेका सुनेचं नाव गुंफलेलं. माझी बायको सुनंदा जामनेरची. तिची बोली वेगळी, म्हणून आईनं सुरुवातीला तिला बरंच बोलून घेतलं होतं. तिचं नाव त्या गाण्यात यायला अकरा वर्षं लागली. ज्या वर्षी आलं त्याच वर्षी सुनंदानं फोनवर ते रेकॉर्ड करून ठेवलं. पुढच्या कानबाईला आई नव्हती.

ते रेकॉर्डिंग मीच घरच्या कॉम्प्युटरवर टाकलं आणि स्टोरेज भरलं म्हणून तिच्या फोनमधून उडवलं. कुणाला पाठवलेलं नव्हतं. घरातलं गाणं घरातच राहावं, असं आईचंच म्हणणं होतं.

यंदा उन्हाळ्यात सुनंदा माहेरी गेली होती. कॉम्प्युटर एका अपडेटनंतर रडत रडत चालत होता. (न विचारता अपडेट टाकणाऱ्या कंपन्यांना कोणी जाब विचारत नाही, हा वेगळा विषय.) मी फॉरमॅट मारायला बसलो आणि तिला तसं कळवलं. तिचा लगेच मेसेज आला — "आईंचं गाणं आहे त्यात. बॅकअप घेतला का?" मी लिहिलं, "हो, घेतला बॅकअप." अकरा बेचाळीसला. चॅट अजून आहे.

घेतला नव्हता. तोवर फॉरमॅट झालेलं होतं.

दिवसातून दहा गिऱ्हाइकं मला हेच वाक्य ऐकवतात आणि मी एकावरही विश्वास ठेवत नाही. समोर बसवून कॉपी दाखवायला लावतो. आणि बायकोला मात्र तेच ठोकून दिलं! एसएसडी होती, पुसलेलं परत येणं शक्य नव्हतं. तरी होती नव्हती ती सगळी सॉफ्टवेअर चालवून पाहिली. काही नाही. ती परत आल्यावर म्हणालो, "दुकानात ठेवलंय, आणतो." असे तीन महिने काढले. रोज संध्याकाळी ती माझ्या बॅगेकडे बघायची, मागायची नाही. त्याचाच मला राग यायचा... म्हणजे स्वतःचा.

श्रावण लागला. धुळ्याहून काकूचा फोन आला, मी स्पीकरवर ठेवला. "बठ्ठं गानं फक्त तुनी मायले येये. ते रेकॉर्डिंग लावजो. त्यामा सुनंदानं नाव शे ना?" सुनंदा पोळ्या लाटता लाटता थांबली. मी म्हणालो, "शे." म्हणजे आहे.

कानबाईच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, धरणगावचे एक नाना दुकानात आले. निवृत्त मास्तर. त्यांना जुने फोटो पेन ड्राइव्हवर हवे होते. मी खोक्यातून नवा काढला. खोकं आठवड्यापूर्वीच आलेलं. नानांसमोर कात्रीनं पाकीट कापलं, ड्राइव्ह लावला. रिकामा दिसायला हवा होता. आत एक फाइल होती. नाव 'कानबाई'.

मी कंपनीला एक शिवी हासडली आणि फाइल उघडली.

आईचा आवाज. मागे आमच्याच कुकरची शिट्टी. मध्येच माझा वैतागलेला आवाज — "आई, जरासं हळू म्हन ना, कस्टमरना फोन शे." आणि आईचं उत्तर, "तू तुनं काम कर भाऊ, मनं व्हई गयं." झालं म्हणाली, तरी ती थांबली नाही. शेवटी एकच नाव राहिलं होतं. ते तिनं घेतलं.

नाना चष्मा काढून बघत राहिले. "पाकीट तं मना समोर फाडं तुम्हीन. मंग ह्या बाई कोन?"

मी फाइल तयार झाल्याची वेळ पाहिली. तोच दिवस. अकरा बेचाळीस.

नानांना दुसरा ड्राइव्ह दिला आणि दुकान बंद करून घरी आलो. सुनंदानं पूर्ण ऐकलं. तिच्या नावाशी आल्यावर पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "होतं ना दुकानात. मग तीन महिने जीव का टांगणीला लावलात?"

मी सगळं सांगितलं. खोटं बोललो होतो, बॅकअप घेतलाच नव्हता, पाकीट नवं होतं, नाना साक्षीला आहेत. एक शब्द पटला नाही तिला. खोटं बोललो तेव्हा डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा पोटतिडकीनं खरं सांगतोय तर म्हणते, "पुरे आता. तुम्ही लिहिलं होतं ना, घेतला म्हणून? मग घेतला असेल."

मी नाही घेतला. कोणी घेतला, मला माहीत नाही. कानबाईला सगळ्या बायकांनी ते ऐकलं, माझ्या वैतागासकट. तेवढा तुकडा कापणं माझं दोन मिनिटांचं काम आहे. मी अजून तो कापलेला नाही.