कात्री न लागलेलं तिकीट

मी भांडकुदळ आहे असं आमच्या घरात सगळेच म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्या वर्षी मी ज्या पैशांसाठी भांडले ते इतके थोडे होते, की त्यात एका शर्टाची शिलाईसुद्धा निघाली नसती. तरी मी भांडले. वेळ आली तर पुन्हा भांडेन.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हैसूरमध्ये शिवणकामाचं दुकान होतं. भिंतीवर विठोबाचा फोटो, त्याखाली मशीन, आणि धंद्याचा एकच नियम: कापडाला कात्री लागली नसेल तर घेतलेले आगाऊ पैसे परत, लागली असेल तर छदाम नाही. बन्नूरच्या एका माणसानं मुलाच्या लग्नाचे कपडे शिवायला टाकले आणि लग्नच मोडलं. तो बिचारा बसनं नुसतं कापड न्यायला आला होता, पैशांचं नाव काढायची त्याला लाज वाटत होती. अप्पांनीच ते त्याच्या खिशात घातले. उलट सरगूरचा एक जण अर्धा दिवस दुकानापुढे उभा राहून ओरडला, तरी त्याला काही मिळालं नाही. त्याच्या पँटचे पाय कापून झाले होते.

माझा भाऊ हैदराबादला असतो. त्याला मुलगी झाली तेव्हा अप्पांनी जन्मात पहिल्यांदा विमानात बसायचं ठरवलं. नंजनगूडच्या रस्त्यावरून येता-जाता आमचा विमानतळ त्यांनी वर्षानुवर्षं कुंपणाबाहेरूनच पाहिला होता. आईनं साफ सांगितलं की ती मागाहून रेल्वेनं येईल. म्हणून एजंटकडून एकट्या अप्पांचं तिकीट काढलं. घरी आल्यावर त्यांनी मला ते ओळीनं वाचायला लावलं. आधी भाडं, मग यूजर फी, मग सुरक्षेची फी.

“यूजर फी म्हंजे काय गं?”

“विमानतळ वापरायचे पैसे, अप्पा. तो बांधायचा, चालवायचा खर्च प्रवाशांकडून काढतात. तिकिटातच धरलेले असतात.”

“म्हंजे शिलाई वेगळी, नि आरशात बघायचे वेगळे? आपल्या अंगडीत आरशाचे पैसे मागितलो का मी कधी?”

“दुकानात तुम्ही ते शिलाईतच धरत होता की.”

“धरत होतो. तोंडावर मागत नव्हतो.” मग जरा विचार करून म्हणाले, “असू दे. घेतात तर मी पण सोडणार नाही. लवकर जाईन. त्यांच्या खुर्चीत बसेन, पाणी पिईन, आरशात बघेन. पैसे दिल्यावर वापरायचं, अष्टे.”

अष्टे म्हणजे बस, विषय संपला. अप्पांचे सगळे वाद या कानडी शब्दावर संपत.

नातीसाठी त्यांनी मऊ सुती कापडाची कुंची शिवली आणि दुकानाच्या पिशवीत घालून ठेवली. प्रवासाला काही दिवस उरले होते. दुपारी जेवून ते जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर मला तिकिटाची आठवण झाली. विमान केव्हाच गेलं होतं. मी एजंटकडे गेले. त्यानं हळहळ व्यक्त केली आणि म्हणाला, “नॉन-रिफंडेबल आहे, मॅडम.”

“भाडं ठेवा,” मी म्हटलं. “सीट अडवली होती, ती रिकामी गेली. तुमच्या कापडाला कात्री लागली, मला मान्य आहे. पण विमानतळाची फी परत द्या. ज्या माणसानं तिथे पाऊल ठेवलं नाही, त्यानं तो वापरला कसा?”

त्यानं हात वर केले आणि विमान कंपनीचा नंबर दिला. तिथे दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं की त्यांच्याकडे ‘प्रवासी आले नाहीत’ एवढीच नोंद आहे. माझं डोकंच फिरलं. दिवाळीत रात्रंदिवस मशीन चालवून ज्यानं कुणाचा कपडा एक दिवस उशिरा दिला नाही, तो माणूस आला नाही म्हणे. “ते आले नाहीत कारण ते गेले,” मी म्हटलं, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला.

आई कंटाळली होती. “बिडे गं, सोड. सुम्मने, उगाच कशाला तोंड वाजवतीस? त्या पैशानं काय आपला संसार चालणाराय?”

“अप्पा असते तर सोडले असते?”

तिनं परातीत आणखी पीठ घेतलं. मग कणीक मळता मळता म्हणाली, “नसते सोडले.”

थोडेच आहेत, सोडून द्या, असं मला शेजाऱ्यांनी सांगितलं, ऑफिसातल्यांनी सांगितलं, सख्ख्या भावानंही सांगितलं. थोडेच आहेत, मग घेऊ नका, असं मात्र यांतल्या एकानंही कंपनीला सांगितलं नव्हतं. ज्यानं प्रवासच केला नाही त्याची ही फी परत करायची असते, असा नियमच आहे हे मला पुढे कळलं. कळल्यावर माझा आवाज आणखी चढला.

शेवटी पैसे आले. मी ते आईच्या हातात ठेवले. तिनं एक दिवस दुकानातून घरी आणलेल्या विठोबाच्या फोटोपुढे ठेवले आणि मग घरखर्चाला घेतले.

नातीच्या पहिल्या वाढदिवसाला भावानं आम्हा दोघींची विमानाची तिकिटं पाठवली. आईचे गुडघे आता रेल्वेचे डबे चढण्यासारखे राहिले नव्हते. अप्पांनी ठरवलं होतं तसं मी तिला पुष्कळ लवकर घेऊन निघाले. आत गेल्यावर आधी पाणी प्यायले. मग आरशात पाहिलं. मग आई एका खुर्चीत बसली, मधली खुर्ची सोडून मी बसले, आणि मधल्या खुर्चीवर मी दुकानाची पिशवी ठेवली. आत ती कुंची होती. नातीला आता ती होणार नव्हती, तरी मी घेतली होती.

हळूहळू हॉल भरला. एक गृहस्थ जागा शोधत आमच्यासमोर येऊन थांबले आणि पिशवीकडे बघत म्हणाले, “इथे कुणी आहे का?”

“आहे,” मी म्हटलं आणि दुसरीकडे पाहू लागले. आज मला कुणी उठवून दाखवावंच, असा माझा पवित्रा होता. ते तसेच उभे राहिले.

आईनं माझ्याकडे पाहिलं. “कोण आहे?”

“अप्पांची जागा आहे ती,” मी हळूच म्हटलं.

“त्यांचे पैसे तू परत घेतलीस ना?” आई म्हणाली. “मग उचल ती पिशवी.”

मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या गृहस्थांना म्हटलं, बसा.