लारच्या छावणीचा फॉन्स

फॉन्स किओ जर्मनीतल्या लार गावी आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला जर्मन भाषेतला एकच शब्द येत होता: बिअर. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या वस्तीत वाढलेला हा पोरगा कॅनडाच्या सैन्यात गाड्या दुरुस्त करायला भरती झाला आणि थेट इथल्या छावणीत येऊन पडला. सहा वर्षांनी त्याने इर्मगार्डशी लग्न केलं. ती छावणीच्या धुलाईखान्यात कामाला होती. लग्नाच्या दिवशी सासऱ्याने जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीला विमानात घालून नेलंस तर याद राख!" १९९४ साली छावणी बंद झाली, हजारो कॅनडियन कुटुंबं सामान बांधून गेली. फॉन्स मागे राहिला आणि गावातल्या एका गॅरेजात नोकरीला लागला.

वर्षभरात एका जुन्या सोबत्याचं पत्र आलं. "आमची घरमालकीण बरी आहे का रे? जरा डोकावून ये." फॉन्स सायकलवर टांग मारून गेला. म्हातारी त्याला पाहून दारातच रडायला लागली. तिच्या भिंतीवर अजून त्या सोबत्याच्या तान्ह्या लेकीचा फोटो होता. फॉन्सने म्हातारीचा फोटो काढून कॅनडाला धाडला, आणि तिकडे बातमी पसरली की लारला फॉन्स आहे, त्याला लिहा. मग पत्रांवर पत्रं. कुणाला पोराचा बाप्तिस्मा झाला ते चर्च बघायचं असे, कुणाला आपली जुनी खिडकी. दर शनिवारी हा कॅमेरा घेऊन बाहेर. इर्मगार्ड म्हणायची, "सैन्यातून सुटलास, पण हुकूम काही सुटले नाहीत तुझे."

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे. जिथे घर पाडलेलं असे तिथे तो शेजारच्या घराचा फोटो काढी. विमानांच्या शेडमध्ये मालाची गोदामं झाली, तर तो मागच्या डोंगराकडे कॅमेरा वळवी. इतक्या लांबून माणसं आस लावून बसतात, त्यांना पाडापाडी कशाला दाखवायची, असं त्याला वाटे.

२०१६च्या मे महिन्यात लेस्टर वासिलिक आला. मॅनिटोबाचा शेतकरी, एके काळी छावणीत रणगाडा चालवायचा. मधुमेहाने बारा वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली होती. मुलीचा, मार्लीनचा, दंड धरून तो स्टेशनवर उतरला आणि फॉन्सचा आवाज ऐकताच म्हणाला, "लेका, अजून तोंडात मासा धरून बोलतोस!"

फॉन्स आणि इर्मगार्ड त्या दोघांना गाडीत घालून छावणीच्या जागी घेऊन गेले. तिथे आता मालमोटारींची रांग होती. फॉन्सने नेहमीप्रमाणे सुरू केलं, "हे बघ, डाव्या हाताला आपली वर्कशॉप. फाटक तसंच आहे..."

लेस्टर थांबला. "पेट्रोलचा वास नाही, ग्रीसचा नाही. पुठ्ठ्याचा येतोय. फॉन्स, मी आंधळा आहे, बावळट नाही. खरं काय आहे ते सांग."

फॉन्सचा चेहरा पडला. मग त्याने खरं सांगितलं. वर्कशॉप गेली. जेवणाची मेस गेली. फाटक गेलं. आहे ती धावपट्टी आणि काही जुन्या शेड. लेस्टर मान हलवत ऐकत राहिला. "बरं झालं," तो म्हणाला. "त्या मेसचं मटण मला मरायच्या आधी विसरायचंय."

पण तो खरा आला होता तो एका बागेसाठी. १९७८च्या शरदात सरावाच्या वेळी धुक्यात वाट चुकून त्याचा रणगाडा बुर्कार्ट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत शिरला होता. चेरीची चौदा तरणी झाडं चाकांच्या पट्ट्यांखाली गेली. पंचनामा झाला, सैन्याने भरपाई दिली, प्रकरण मिटलं. लेस्टरच्या मनातून मात्र ते मिटलं नाही. तो तीन रविवार सुट्टी घेऊन तिथे गेला आणि म्हाताऱ्या बुर्कार्टबरोबर खड्डे खणून चौदा रोपं लावून आला.

चौघं त्या बागेशी पोचले तेव्हा म्हाताऱ्याची लेक गिझेला तोंडाशीच उभी होती. रोपं लावली त्या वेळी ती नऊ वर्षांची होती.

"फावड्याला आमच्यात काय म्हणतात ते मीच शिकवलं होतं तुम्हाला," ती म्हणाली, "आणि तुम्ही उच्चार असा केलात की बाबा हसून हसून खड्ड्यात बसले!"

फॉन्सने तिचं बोलणं इंग्रजीत उलगडून सांगितलं तसा लेस्टर मोठ्याने हसला. गिझेला चमकून म्हणाली, "हेच! हेच हसणं!"

लेस्टरने पहिल्या झाडाच्या बुंध्याला मिठी मारली. दोन्ही हात पुरेनात. दुसरं झाड. तिसरं. त्याने पुढे हात लांबवला, तर हाताला नुसतं गवत लागलं.

"बाकीची?"

फॉन्सने इर्मगार्डकडे पाहिलं. कुंपणापलीकडे आहेत, असं म्हणणं अगदी सोपं होतं. मार्लीनही डोळ्यांनी तेच सुचवत होती. पण मघाचं ते 'खरं सांग' त्याच्या कानात ताजं होतं.

"तोडली," तो म्हणाला. "पंधरा वर्षं झाली. रस्ता रुंद केला. ही तीनच उरलीत."

लेस्टर बराच वेळ खडबडीत सालीवरून बोटं फिरवत राहिला.

"चौदातली तीन," तो म्हणाला. "वाईट नाही. त्या रणगाड्यात आम्ही चौघं होतो, उरलो मी एकटा."

गिझेलाने बाकावर चार लहान पेले मांडले आणि स्वतःसाठी पाचवा. याच झाडांच्या चेरीची घरी गाळलेली दारू होती. लेस्टर पहिल्या घोटाला खोकला, दुसऱ्याला गप्प झाला आणि तिसऱ्याच्या वेळी पेला झाडाला टेकवून म्हणाला, "म्हाताऱ्या, माफ कर." मार्लीनने तोंड फिरवलं. फॉन्सने नाक शिंकरलं आणि वारा सुटल्याचं सांगितलं.

त्या दिवसापासून फॉन्स समोर जे दिसेल त्याचाच फोटो काढतो. गोदाम असेल तर गोदाम, मोकळी जागा असेल तर मोकळी जागा, आणि मागे लिहितो, तुझं घर इथे होतं. दोघातिघांनी रागावून पत्रं बंद केली. बाकीच्यांची वाढली. त्या मोकळ्या जागांचे फोटो पाहून लोक चार चार पानं लिहू लागले: कुठला जिना, कुठला शेजारी, कोण कुठे घसरून पडलं. फॉन्स ते सगळं इर्मगार्डला वाचून दाखवतो. ती मोजे विणत ऐकते आणि मध्येच म्हणते, "ह्याचे कपडे मी धुतलेत. खोटारडा आहे, जिन्यावरून घसरला तेव्हा चांगला प्यायलेला होता!"