आणखी एक पाऊस बघू

वहिनीचा फोन आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला बसची वाट बघत उभी होते. "अगं, तुझा दादा गेला," ती म्हणाली आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघालं तर, "शिडीवरून पडला ना?" ती म्हणाली, "नाही गं. दुकानात. दूध घेऊन रांगेत उभा होता, तिथेच कोसळला. हार्ट." गेली पाच वर्षं मी त्या शिडीशी मनातल्या मनात भांडत होते. ओलं छत, एप्रिलमधली थंडी आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस वर गुडघ्यांवर रांगत कडा चाचपतोय. त्याला काय काय सुनवायचं हे सगळं तयार होतं, आणि शिडी निर्दोष सुटली. त्याला जाऊन आता दीड महिना झाला. लोक म्हणतात राग हळूहळू ओसरतो. माझा रोज थोडा वाढतोय.

माझा मोठा भाऊ सुहास नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत होता. नव्या गाडीवर पाण्याचे फवारे मारायचे आणि दारांतून, काचांतून पाणी आत झिरपतं का ते शोधायचं, हे त्याचं काम. दिवसभर पगार घेऊन गळती शोधायची आणि घरी येऊन फुकट शोधायची, असं मी त्याला चिडवायचे. कारण दोन हजार तीनमध्ये त्याने एका निवृत्त गृहस्थांकडून एक जुनी मोटरहोम घेतली. इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांनी खूप टिंगल केली. लोक मोठी घरं घेत होते, याने चाकांवरचं घेतलं आणि तेही गळकं! तो नुसता हसायचा, कारण सांगायचा नाही. ते कारण म्हणजे आई. तिला लघवीचा त्रास, तासाभरापेक्षा जास्त गाडीत बसवत नसे. ती पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा आम्ही नायगाराला निघालो होतो. सारखं "थांबव" म्हणायची लाज वाटते म्हणून ती आदल्या दिवसापासून पाणीच प्यायली नव्हती, आणि अर्ध्या वाटेत चक्कर येऊन पडली. दादाने तिथूनच गाडी परत वळवली. महिन्याभरात मोटरहोम दारात उभी. आत संडास, शेगडी, पलंग, सगळं. "आईला यातून लेक सुपीरियर दाखवणार," तो मला म्हणाला. समुद्राएवढं पाणी आणि तरी गोडं, हे आईला पटतच नव्हतं. "चल, काहीतरीच सांगतोस," ती म्हणायची.

इथपर्यंत माझं त्याच्याशी भांडण नाही. असा मुलगा आईला मिळाला याचा मला हेवाच वाटायचा.

गाडी आणली त्याच आठवड्यात पाऊस झाला आणि मागच्या पलंगाच्या कोपऱ्यात टपटप सुरू झाली. हाताला लागलं म्हणून दादाने आईचं दुधाचं पातेलं तिथे ठेवलं. तिने नाशकाहून आणलेलं, जाड बुडाचं. आधीच्या मालकाने जिथे गळेल तिथे फटी बुजवायचं सिलिकॉन थापलं होतं, आणि सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, म्हणून ते खरवडण्यातच एक अख्खा उन्हाळा गेला. मग छतावरचा रबराचा थर उचलला, तर खालचं प्लायवूड चहात बुडवलेल्या खारीसारखं झालेलं. त्याने ते कापून काढलं, नवं बसवलं, नवा थर चढवला, प्रत्येक खिडकी काढून पुन्हा बसवली. "पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे," तो म्हणायचा. टपकत होतं पलंगावर, शिरत होतं पार पुढे एसीपाशी. वहिनी होजपाइप घेऊन वर आणि हा टॉर्च घेऊन आत. "पुढे घे! हळू! थांब, थांब!" आजूबाजूच्या लोकांना वाटायचं नवरा-बायकोचं जुंपलंय. आई दुसऱ्यांदा आली तेव्हा न्हाणीजवळची जमीन पायाखाली दबत होती, म्हणून त्याने ट्रिप कॅन्सल केली. बरोबरच होतं ते, मी मान्य करते.

पण गेल्या उन्हाळ्यात काय झालं होतं? जमीन नवी, छत नवं, कॅम्पग्राउंडचं बुकिंग झालेलं, आई तिसऱ्यांदा आलेली. पाऊस पडला, पातेलं कोरडं. मी म्हटलं, "झालं ना रे आता?" तर म्हणाला, "पाऊस पश्चिमेकडून होता गं. उलट्या वाऱ्याचा आला की खरं कळेल." उलट्या वाऱ्याचाही आला. पातेलं कोरडं. "आणखी एक पाऊस बघू. मग नक्की." मी ड्राइव्हवेमध्ये उभी राहून त्याच्यावर ओरडले होते, "दादा, पाऊस संपणार नाहीत, आई संपेल!" तो शिडीवरून म्हणाला, "मधेच कुठे गळलं आणि तिचं अंथरूण भिजलं तर? नायगाराच्या वेळेसारखी पुन्हा ती कानकोंडी होऊन बसेल. मला नाही बघवणार ते." बुकिंग कॅन्सल झालं. आई रोज दुपारी त्या उभ्या गाडीतल्या टेबलापाशी बसून मेथी निवडायची आणि खिडकीतून समोरच्या घराची पत्रपेटी बघायची. ऑक्टोबरमध्ये ती नाशिकला परत गेली. आई काही संपली नाही. संपला तो.

शोकसभेत मित्र एकामागून एक उठून सांगत होते, "सुहास म्हणजे परफेक्शनिस्ट होता यार." मला उठून ओरडावंसं वाटलं. परफेक्शनिस्ट कसला? घाबरट होता! एवढं प्रेम होतं आणि त्या प्रेमाचीच त्याला भीती वाटत होती. ती भीती आम्ही सगळे चांगला गुण समजून मिरवत बसलो.

दादा गेल्यावर आई आली ती आता इथेच आहे. मी तिला म्हटलं, वहिनी ड्राइव्ह करेल, आपण तिघी जाऊ. "आता मला कुठे नेऊ नका," एवढंच म्हणाली. म्हणून वहिनीने मोटरहोम विकायला काढली. गेल्या आठवड्यात एक म्हातारं जोडपं बघायला येणार होतं, आणि नेमका सकाळपासून धो धो पाऊस. वहिनीने फोन करून दुसऱ्या दिवशी या म्हटलं, तर आजोबा खूश, "नो, नो! रेन इज परफेक्ट!" आले. भिंती ठोकून पाहिल्या, वाकून जमीन दाबली, मग आत बसून छताकडे बघत राहिले. मीही बघत होते त्याच कोपऱ्याकडे. खाली पलंगावर पातेलं होतंच, त्यात धूळ साचलेली. छतावर पाऊस नुसता बडवत होता आणि मी मनात म्हणत होते, पड. एक तरी थेंब पड. म्हणजे दादाचं बरोबर होतं असं म्हणता येईल.

नाही पडला.

"हूएव्हर डिड धिस रूफ," आजोबा म्हणाले, "न्यू व्हॉट ही वॉज डूइंग." ज्याने हे छत केलं त्याला काम कळत होतं म्हणे. आजीबाईंनी वहिनीला विचारलं, शुक्रवारपर्यंत कागदपत्रं होतील का? त्यांना शनिवारी निघायचं होतं, वर उत्तरेला, लेक सुपीरियरला. माझ्यामागे उभ्या असलेल्या आईने मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. आणि चिडून म्हटलं, "एक थेंब नाही गळला, आई."

"मागच्या वर्षीही नव्हतं गळत," ती म्हणाली. "मी रोज सकाळी बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. म्हणाला, आई, आणखी एकच पाऊस."

मग ती वाकली, पलंगावरचं पातेलं उचललं, पदराने धूळ पुसली आणि त्या आजीबाईंना मराठीत सांगितलं, "हे माझं आहे हं." ते आता माझ्याकडे आहे. रोज सकाळी त्यात दूध तापवते. तळाशी पहिल्या वर्षांच्या थेंबांचे पांढरे डाग आहेत, गोल गोल. मी ते रोज हात दुखेपर्यंत घासते. जात नाहीत.