शेवटच्या ओळीतलं 'नाही'

माझ्या थोरल्या भावाचं लिव्हर निम्मं वाया गेलं आहे आणि त्याला माझं बॉलपेन जबाबदार आहे, असं मी म्हटलं की बायको म्हणते, "उगाच काहीतरी बोलू नका." उगाच नाही. ऐका.

आमचं गाव डाळजच्या अलीकडचं. गावाचे कागद भरणारा माणूस मी. ऊसनोंद, पीकविमा, ठिबकचा अर्ज, काहीही आलं की ते माझ्याकडे येतं. मी भरतो, सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारतो आणि माणूस फुलीवर सही करून चहा पिऊन जातो. वाचत कोणीच नाही. वाचणं म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवणं, आणि तेवढी माणुसकी गावात शिल्लक आहे.

दर वर्षी नेत्याच्या वाढदिवसाला आमच्याकडे रक्तदान शिबिर असतं. नेता कोणता ते विचारू नका, फ्लेक्सवरचं तोंड बदलतं, मांडव तोच असतो. रक्त देणाऱ्याला प्रमाणपत्र आणि एक हेल्मेट. आमच्या गावात आता इतकी हेल्मेटं झाली आहेत की शेळ्यांची पेंड त्यात भिजवतात. गाडी चालवणाऱ्या डोक्यावर मात्र मला अजून एकही दिसलेलं नाही.

रक्त देण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. ताप, खोकला, कावीळ, गोंदण, दात काढलाय का, ऑपरेशन झालंय का, असे दोन्ही बाजूंनी छापलेले प्रश्न. रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की प्रत्येकाला प्रश्न वाचून विचारा. पहिल्या वर्षी मी खरंच विचारले. रांगेत पहिले होते तात्या, आमच्या आळीतले सगळ्यांत वडीलधारे. शिबिरात तात्या दर वर्षी चौसष्टचेच असतात, कारण पासष्टच्या पुढं रक्त घेत नाहीत.

"तात्या, कावीळ झाली होती का कधी?"

"झाली की. नाकात औषध घातलं, उतरली."

मी 'हो' लिहिलं. तात्या वाकून बघत होते. "आरं, व्हय काय लिवतूस? हेल्मेट जाईल की माझं!"

मी पुढचा प्रश्न वाचला. परक्या व्यक्तीशी शरीरसंबंध आला आहे का? मांडवातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. वडे तळणारासुद्धा झारा धरून थांबला.

तात्यांनी मागं बघितलं आणि माझ्या कानाशी आले. "माझा व्याही हुबा हाय मागं. न्हाय लिव. आन् खालचं समदं बी न्हायच लिव."

मी काविळीचं 'हो'सुद्धा खोडलं. तेव्हापासून गावाची पद्धतच पडली. पुढच्या वर्षी मी आदल्या दुपारीच घरी बसून सगळे फॉर्म वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहून तयार ठेवले. डॉक्टरबाईंनी चाळले तेव्हा कळलं की आमचं अख्खं गाव झोपलेलं नाही, सकाळपासून उपाशी आहे आणि रक्त स्वखुशीनं देत नाही. बाई चिडल्या. मग झोप, खाणं, स्वखुशी या वरच्या तीन ओळी 'हो' आणि खाली सरसकट 'नाही', असा सुधारित नियम केला. त्यानंतर कुणाची तक्रार आली नाही, म्हणजे पेढीवालेही वाचत नव्हते.

मागच्या बाजूला, तळाला, सहीच्या अगदी वर एक प्रश्न होता. तपासणीत रक्तात दोष आढळल्यास तुम्हाला कळवावे का? तोही 'नाही'च्या रांगेत गेला. मी तो वाचलाच नव्हता, असं सांगायला मला फार आवडेल. वाचला होता. पण हात चालू होता, आणि आमच्या गावच्या रक्तात कसला आलाय दोष?

आण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शिबिराचा हुकमी माणूस. सुईला न घाबरणारा, दर वर्षी सगळ्यांच्या आधी बाही वर करणारा. त्याची तीन प्रमाणपत्रं बैठकीच्या खोलीत काचेत लावलेली आहेत. गेल्या वर्षी त्याची भूक गेली, मग पोट फुगलं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ब प्रकारची कावीळ, बरीच जुनी. लिव्हर कडक झालंय. दोन-तीन वर्षांआधी कळलं असतं तर नुसत्या गोळ्यांवर निभावलं असतं.

आण्णा भडकला. "दर वर्साला रगत देतो मी! त्ये तपासत्यात न्हवं? मग मला कसं कुणी सांगितलं न्हाय? चल, त्या पेढीवाल्यांना इचारूच."

मी चार दिवस टाळलं. कारखान्याची सभा, पाण्याची पाळी, पाठदुखी, सगळं सांगून झालं. खरं सांगायचं सोडून सगळं सांगितलं, कारण मला त्याची भीती वाटत होती. पाचव्या दिवशी त्यानं मला गाडीत घातलं.

पेढीत त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी जुने गठ्ठे सोडले. "तिन्ही वेळेला दोष निघालाय. तिन्ही पिशव्या आम्ही फेकून दिल्या."

"आन् सर्टिफिकेट?" आण्णा म्हणाला.

"ते मांडवातच देतात, काका." बाईंनी फॉर्म उलटा केला आणि तळाशी बोट ठेवलं. "कळवू नका, असं तुम्हीच लिहून दिलंय. ही सही तुमचीच ना?"

आण्णानं खिशातून चष्मा काढला. जन्मात पहिल्यांदा तो फॉर्म वाचत होता. वाचून झाल्यावरही त्यानं मान वर केली नाही. माझं अक्षर तो ओळखतो, त्याच्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकांवरची नावंही मीच घातली होती.

बाईंना काहीतरी खटकलं. "हे तुमच्याच हातचं आहे ना? दुसऱ्यानं भरलं असेल तर मला वर कळवावं लागेल."

 बोलायला हवं होतं. अख्ख्या गावाचे अर्ज लिहिणारा मी, खिशातलं बॉलपेन आणखी आत सरकवलं.

"मीच लिवलंय," आण्णा म्हणाला. "आसलं काय ऐकायचं म्हंजी भ्या वाटतं मला. म्हनून म्हनलं, नगा कळवू."

ज्या माणसाला सुईची भीती कधी वाटली नाही, तो हे बोलत होता. फॉर्मची घडी पडली होती ती तो अंगठ्यानं सरळ करत राहिला.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही भाऊ ना यांचे? खरं बोलताहेत का हे?"

आण्णानं माझ्याकडे बघितलंही नाही.

मी म्हणालो, "हो."